नोकरदार मातांच्या स्तनपान गटातील माझे चार महिने

बाळंतपणाची रजा संपायला तीन आठवडे उरले असताना मी नोकरदार मातांच्या एका स्तनपान साहाय्य गटात नाव नोंदवले. दर आठवड्याला एक तासाची ऑनलाइन बैठक, सोबत प्रशिक्षित समुपदेशक आणि एरवीच्या शंकांसाठी संदेशगट, असे या सेवेचे स्वरूप आहे.

पहिले ६ महिने केवळ आईचे दूध आणि पुढे पूरक आहारासोबत २ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रत्येक बाळंतिणीच्या कानावर पडते. परंतु दिवसभर घराबाहेर राहणाऱ्या आईने ती पाळावी कशी, हे समजावून सांगायला सहसा कोणी थांबत नाही. दूध साचून राहिले की त्याची निर्मिती मंदावते, हे मला ठाऊक होते. त्यावरून दिवसाचा हिशेब कसा मांडायचा, म्हणजे निघताना अंगावर पाजायचे, कामावर साधारण दर तीन तासांनी दूध काढायचे आणि परतल्यावर बाटलीऐवजी पुन्हा अंगावर घ्यायचे, हे मात्र माझ्याआधी कामावर रुजू झालेल्या सभासदांकडूनच कळले. काढलेले दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात ४ तास आणि फ्रिजमध्ये ४ दिवस टिकते, ही माहिती कुठेही मिळेल. पण कार्यालयातील सामाईक फ्रिजमध्ये ते अपारदर्शक डब्यात ठेवावे, ही युक्ती अनुभवाचीच.

दुसऱ्या आठवड्यात पंपाने दूध निम्मेच येऊ लागले, तेव्हा ते आटले असे मी धरून चालले होते. एका सभासदाने पंपाच्या फनेलचे, म्हणजे स्तनावर बसवायच्या भागाचे, माप विचारले. ते मोठे निघाले आणि बदलताच फरक पडला. घाईत व ताणात पान्हा लवकर फुटत नाही, म्हणून बाळाचा व्हिडिओ पाहत दूध काढण्याचा सल्लाही (प्रथम मला तो हास्यास्पद वाटला होता) उपयोगी ठरला.

संदेशगटाबद्दल मात्र माझे मत तितकेसे चांगले नाही. तेथे दूध वाढवणाऱ्या चूर्णांची शिफारस फार सहजपणे होते. एकीला ताप येऊन स्तनात लालसर, दुखरी गाठ झाली असता तिला जोरात मालिश करण्यास सुचवले गेले. मालिशने सूज वाढू शकते, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवा, असे समुपदेशकांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. बैठकीची वेळही नेमकी संध्याकाळची, म्हणजे बाळ छातीपासून दूर व्हायला तयार नसते तेव्हाची. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या दोघी त्यामुळेच गळाल्या. सकाळी आणखी एक बैठक ठेवावी, असे आम्ही दोनदा लेखी कळवले आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.