कमरेला, कपाटात की किल्लीच्या जुडग्याला?

डॅलसच्या उत्तरेला आमच्या जवळच राहणाऱ्या एका मैत्रिणीचं ग्रीन कार्ड आलं आणि आठवड्याभरात तिचा फोन आला. "ताई, तू बाळगायचीस ना पिस्तूल? मीही घेऊ का गं?" ती एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दुसऱ्या पाळीला असते. रात्री साडेअकराला सुटते आणि चार मजली पार्किंगमधून एकटी गाडीपर्यंत जाते. तिची भीती खोटी नाही. अशाच भीतीपोटी मी सव्वा वर्ष पिस्तूल कमरेला लावून फिरले आणि मग विचार करून थांबले. फोनवर जे तुकड्यातुकड्यांत बोलले ते इथे सलग लिहिते, कारण हाच प्रश्न विचारणारे आता बरेच झाले आहेत.

हे नुसतं आपल्या ओळखीपाळखीतलं नाही. २०१९ च्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार अमेरिकेत सुमारे ६० लाख माणसं रोज भरलेलं पिस्तूल अंगावर बाळगत होती. २०१५ मध्ये हाच अंदाज ३० लाखांचा होता. त्यानंतर करोना आला, आणि २०२० या एका वर्षात खुनांचं प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढलं. एवढी उडी त्याआधी कधी नोंदलीच गेली नव्हती. जानेवारी २०१९ ते एप्रिल २०२१ या काळात सुमारे ७५ लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली, आणि त्यांत जवळपास निम्म्या बायका होत्या. मार्च २०२१ मध्ये अटलांटाच्या स्पांमध्ये गोळीबार झाला. मेलेल्या आठांपैकी सहाजणी आशियाई होत्या. आपल्या लोकांच्या मनात तर कॅन्ससमधलं २०१७ चं ओलेथा अजून घर करून आहे. "माझ्या देशातून चालते व्हा" असं ओरडत एका माणसानं बारमध्ये बसलेल्या भारतीय इंजिनिअरांवर गोळ्या झाडल्या, त्यात एकाचा जीव गेला.

कायदाही सैल होत गेला. १९८७ मध्ये फ्लोरिडानं अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला परवाना द्यायचं ठरवलं आणि मग एकेक राज्य त्याच वाटेनं गेलं. आज २९ राज्यांत लपवून पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही. टेक्सासमध्ये हे १ सप्टेंबर २०२१ पासून आहे. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यूयॉर्कचा शंभरहून अधिक वर्षं जुना नियम मोडीत काढला. आपल्याला पिस्तुलाची खास गरज का आहे हे पटवून द्या, असं आता कोणतंच राज्य म्हणू शकत नाही. पिस्तुलंही लहान झाली. अर्धा किलोचं, तळहातात मावणारं, दहा गोळ्यांचं मॅगझीन असलेलं पिस्तूल आज सहज मिळतं. १९९९ मध्ये बंदूकवाल्यांना "का ठेवता?" विचारलं तर निम्मे लोक शिकार म्हणायचे. २०२३ च्या पाहणीत ७२ टक्क्यांनी स्वसंरक्षण हे मोठं कारण म्हणून सांगितलं.

राजापूरकडच्या आमच्या घरी आजोबांची शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती. वानरं, रानडुकरं यांच्यासाठी. निवडणूक लागली की आजोबा ती गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायचे आणि पावती देवापाशी ठेवायचे. बंदूक ही सरकारला हिशेब द्यायची वस्तू, एवढंच मला ठाऊक होतं. इथे दुकानात फॉर्म भरला, काउंटरवरच्या माणसानं पार्श्वभूमी तपासून घेतली आणि तासाभराच्या आत पिस्तूल माझ्या हातात होतं. पावती गाडीच्या कप्प्यात टाकताना मला आजोबांची ती पावती आठवली.

आधी हे बघा: तुम्हाला चालतं का?

हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. एच-१बी (नोकरीचा), एच-४ (त्याच्या कुटुंबाचा), विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्यानं बंदूकही नाही आणि काडतूसही नाही. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर राज्याचा कायदा कितीही सैल असला तरी उपयोग नाही. नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना मुभा आहे. पण ग्रीन कार्डवाल्यानं विसरू नये की बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढण्याचं ते स्वतंत्र कारण ठरतं. आणखी एक: भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा पर्यटक व्हिसावर असतात. पिस्तूल त्यांच्या हाताला लागेल असं ठेवलं तर त्यांनाही गोत्यात आणाल. सेफचा नंबर त्यांना सांगायचा नाही.

कमरेला

पिस्तूल विकत घेणं हा एका दिवसाचा निर्णय. बाळगणं हे रोजचं काम आहे, आणि त्याची कल्पना आधी येत नाही. होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अडकवायचं म्यान, असा हवा की चाप पूर्ण झाकला जाईल. त्याला कडक पट्टा हवा. मग पट्टा लागेल असेच कपडे. साडीत तर ते जमतच नाही. कुर्त्याखाली जमतं, पण वाकलं की उंचवटा दिसतो. पर्समध्ये ठेवायचा मोह होतो, तो कृपा करून टाळा. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या एका दुकानात दोन वर्षांच्या मुलानं आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं आणि ती जागीच गेली. ती परवानाधारक होती, सरावातली होती.

माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. शाळा सुटली की पळत येऊन कमरेला मिठी मारायची. पिस्तूल असलं की मी तिला डावीकडून घ्यायला शिकले. उजवी बाजू कायम मागे. काही दिवसांनी तीच आपणहून डावीकडून यायला लागली. आई उजवीकडे का नको म्हणते, हे तिनं कधी विचारलं नाही.

आता वेळेचं. १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या एका पोलीस प्रशिक्षकानं मोजून दाखवलं होतं की चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. कुर्ता वर करून पिस्तूल काढायला मला पहिल्या दिवशी जवळजवळ चार सेकंद लागले. तीन महिने घरी रिकाम्या पिस्तुलानं सराव केला तेव्हा दोनवर आले. टेक्सासमध्ये परवाना सक्तीचा नसला तरी घेता येतो; त्याच्या परीक्षेत ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्या मारायच्या असतात. ते चांगलंच आहे, पण समोर न हलणारा कागद असतो. आणि पुष्कळ शूटिंग रेंजवर होल्स्टरमधून काढून झाडायची परवानगीच नसते, म्हणजे जे खरं लागणार तेच शिकायचं राहतं.

तरी माझं थांबायचं कारण हे नव्हतं. एका रविवारी मी वही घेऊन आठवडा लिहून काढला. मुलीची शाळा: बंदी. ऑफिस: कंपनीची बंदी. पोस्ट ऑफिस: केंद्रीय बंदी. ज्या हॉटेलाची निम्म्याहून जास्त कमाई दारूची, तिथे दारावर लाल अक्षरात ५१ टक्क्यांची पाटी आणि आत बंदी. आपल्या मंडळाचा गणेशोत्सव भाड्याच्या शाळेच्या हॉलमध्ये होतो, मग तिथेही नाही. विमानतळावर विसरून नेलं तर हजारो डॉलरांचा दंड होऊ शकतो, आणि असे विसरणारे थोडेथोडके नाहीत. २०२३ मध्ये देशभरच्या विमानतळांवर तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, बहुतेक सगळ्या भरलेल्या. या प्रत्येक ठिकाणी पिस्तूल कुठे जातं? गाडीत. आणि इथे चोरीला जाणाऱ्या बंदुकांमध्ये गाड्या फोडून नेलेल्यांचा वाटा फार मोठा आहे. वही बघितली आणि कळलं की मी पिस्तूल बाळगत नव्हते, त्याची नुसती ने-आण करत होते.

कपाटात

बाहेर नाही तर निदान घरात असू दे, हा विचार सगळ्यांत जास्त दिसतो, आणि मला त्याचीच सगळ्यांत जास्त काळजी वाटते. भीती बाहेरच्या अनोळखी माणसाची असते, पण आकडे घरातले आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८ हजारांवर माणसं मेली. त्यांतली २७ हजारांहून अधिक आत्महत्या होत्या. औषधाच्या गोळ्या खाऊन केलेल्या प्रयत्नातून बहुतेक माणसं वाचतात. बंदुकीच्या प्रयत्नात दहातली जवळपास नऊ जातात. कॅलिफोर्नियातल्या २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की पिस्तूलधारकाबरोबर राहणाऱ्यांचा घरातच जोडीदाराच्या गोळीनं मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या सातपट होता. मरणाऱ्यांत बहुतेक बायका.

दुसरी बाजूही आहे. पिस्तूल दाखवून किंवा वापरून दरवर्षी किती लोक स्वतःला वाचवतात, यावर अभ्यासकांचं अजिबात एकमत नाही. एका पद्धतीनं मोजलं तर वर्षाला साठ-सत्तर हजार वेळा, दुसऱ्या पद्धतीनं वीस लाखांच्या वर. एवढी तफावत असल्यावर कुणीही छातीठोक सांगू नये. पण वाचलेली माणसं खरी आहेत, हे मी नाकारणार नाही.

मात्र घरात सोळा-सतरा वर्षांचं मूल असेल, त्याचं कॉलेजचं टेन्शन चाललं असेल, कुणी नैराश्याच्या गोळ्या घेत असेल, तर माझं उत्तर साफ नाही असं आहे. सेफ असला तरी नाही. मुलांना आईबापांचे पासवर्ड माहीत असतात.

आणि चुकीचं दार. १९९२ मध्ये बॅटन रूजमध्ये एक जपानी विद्यार्थी पार्टीचं घर चुकला आणि घरमालकाच्या गोळीनं मेला. २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत सोळा वर्षांचा मुलगा धाकट्या भावांना आणायला गेला, चुकीची बेल वाजवली आणि डोक्यात गोळी लागली. तो वाचला. आमच्या वसाहतीत एकसारखी दिसणारी दोनशे घरं आहेत. दिवाळीत फराळाचे डबे घेऊन अंधारात कितीदा चुकीच्या दारापाशी गेलोय आपण.

किल्लीच्या जुडग्याला

पेपर स्प्रेला लोक हलक्यात घेतात, ते बरोबर नाही. पंधरा-वीस डॉलरांत मिळतो. जेलचा प्रकार घ्यावा, वाऱ्यानं उलटा आपल्या तोंडावर येण्याची शक्यता कमी. साधारण दहा-बारा फुटांपर्यंत पोचतो. किल्ली हातात घेतली की तोही हातात आलेलाच असतो, कुर्ता वर करायला लागत नाही. बंदुकीचा केंद्रीय कायदा त्याला लागत नाही, त्यामुळे व्हिसावर असलेल्यांनाही हा रस्ता मोकळा आहे. आणि घाबरून चुकीच्या माणसावर मारला तर माफी मागायला तो माणूस जिवंत असतो.

उणिवा आहेत. समोरच्याकडे पिस्तूल असेल तर स्प्रे काढूच नका, पाकीट आणि फोन देऊन टाका. मुदत संपलेला डबा धड फवारत नाही, तारीख बघत जा. सरावाचे पाण्याचे डबे मिळतात, एक तरी अंगणात मारून बघा. राज्याचा नियमही बघा: न्यू जर्सीत पाऊण औंसापेक्षा मोठा डबा चालत नाही, न्यूयॉर्कमध्ये औषधांच्या दुकानातून किंवा परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावा लागतो.

राज्य बदललं की पिस्तुलाचं गणित तर पार उलटतं. टेक्सासचा परवाना पुष्कळ राज्यांत चालतो, पण न्यू जर्सी बाहेरचा एकही परवाना मानत नाही. तिथे परवान्याशिवाय पिस्तूल सापडलं तर पाच ते दहा वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा आहे. फिलाडेल्फियाकडची आपली मंडळी किराण्यासाठी न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडला येतात. मधली डेलावेअर नदी ओलांडताना गाडीच्या कप्प्यात पिस्तूल राहिलं असेल तर हाच गुन्हा लागू शकतो.

मग पिस्तूल कुणी घ्यावं? मी दोघींना "घे" म्हटलं आहे. एकीनं नवऱ्याविरुद्ध कोर्टाचा मनाई हुकूम घेतला आहे आणि तो तरीही घराभोवती गाडी फिरवतो. दुसरी स्वतःचं दुकान रात्री बाराला एकटी बंद करते. दुकान तिचं, तिथे तिला अडवणारं कुणी नाही, आणि गल्ला मोजण्यापासून शटर ओढेपर्यंत पिस्तूल खरोखर तिच्या अंगावर असतं. दोघी दर महिन्याला रेंजवर जातात. हे जमणार नसेल, पिस्तूल गाडीच्या कप्प्यात आणि काडतुसं कपाटात असा अर्धवट कारभार होणार असेल, तर काहीच न घेणं बरं.

लॅबवाल्या मैत्रिणीला मी एकच विचारलं. "हॉस्पिटलमध्ये आत नेऊ देतात का?" म्हणाली, "छे, नोकरी जाईल." म्हणजे पिस्तूल गाडीत राहणार. तिला भीती आहे ती लॅबच्या दारापासून गाडीपर्यंतच्या चार मिनिटांची, आणि नेमकी ती चार मिनिटं ती मोकळ्या हातांची. तिनं स्प्रे घेतला. सुरक्षारक्षकांना फोन केला की गाडीपर्यंत सोबत येतात, हे तिला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आता रोज येतात.

तुम्ही यातलं काहीही निवडा, एक काम उरतंच. मुलगी कुणाकडे खेळायला जाणार असेल तर मी आधी फोनवर कुत्रा आहे का, शेंगदाण्याची ॲलर्जी सांभाळाल ना, हे विचारते. त्याच ओळीत आता हेही विचारते: "घरात गन आहे का, आणि कुलपात आहे का?" पहिल्यांदा जीभ अडखळली होती. त्या बाईंनी जराही राग मानला नाही. मुलीला सोडायला गेले तेव्हा त्या मला वरच्या खोलीत घेऊन गेल्या आणि भिंतीला बोल्ट केलेला सेफ हलवून दाखवला.