तुओनो व्ही४ : १४ महिने आणि ११ हजार किलोमीटर झाल्यावर

मुद्दामच इतके दिवस लिहिलं नाही. अशी गाडी घरी आली की पहिले दोन महिने माणूस फक्त इंजिनाबद्दल बोलतो, दुसरं काही सुचतच नाही, आणि मीही तेच करत होतो. आता डोकं शांत झालंय. माझ्याकडे एप्रिलिया या इटालियन कंपनीची तुओनो व्ही४ ही मोटरसायकल आहे, साधी, फॅक्टरी नावाची वरची आवृत्ती नाही. म्हणजे हँडल थोडं उंच, काच थोडी मोठी, आणि सस्पेन्शन स्क्रू ड्रायव्हर आणि पाना घेऊन हाताने सेट करायचं, फॅक्टरीसारखं बटणावर नाही.

इंजिनाचं आधी सांगून टाकतो. १०७७ सीसी, ६५ अंशाचा व्ही४ (म्हणजे चार सिलिंडर व्ही आकारात), १७५ हॉर्सपॉवर, १२१ न्यूटन मीटर टॉर्क आणि तो ९ हजार आरपीएमला. आकडे कुठेही मिळतील पण ते मनगटाला कसे जाणवतात ते वेगळंच आहे. ४ हजारांच्या खाली गाडी थोडी कुरकुरते, वरच्या गिअरमध्ये तिथे रेंगाळलं तर चेन हिसके देते, तेव्हा गिअर खाली घ्यायचा, वाद घालायचा नाही. ५ ते ८ मध्ये मात्र जे काही आहे त्यासाठी शब्द नाहीत, एकसारखं जाड पिकअप, कुठे खड्डा नाही, आणि ८ च्या वर गेलं की आवाजच बदलतो, घशातून येणारा गुरगुराट फाटून वर चढतो. इनलाइन फोरचा (एका ओळीत चार सिलिंडर) चिरका आवाज नाही आणि ट्विनचा (दोन सिलिंडर) धडधडाटही नाही, स्फोट समान अंतराने होत नाहीत म्हणून तो मधलाच काहीतरी आवाज येतो. तुओनो म्हणजे इटालियनमध्ये मेघगर्जना, आणि हे नाव मला कधीच उगाच ठेवलेलं वाटलं नाही.

बरेच जण विचारतात की डुकाटीच्या स्ट्रीटफायटर व्ही४ मध्ये २०८ हॉर्सपॉवर मिळत होती, एमव्ही ऑगस्टाच्या ब्रुटाले १००० आरआर मध्येही तेवढीच, मग १७५ वाली का. खरं सांगतो, रस्त्यावर मला १७५ सुद्धा पूर्ण वापरता आलेली नाही, दुसऱ्या गिअरमध्येच वेग अशा ठिकाणी पोचतो की पुढे जायला रस्ता नाही, हिंमत नाही आणि कायदाही नाही. त्यामुळे वरच्या ३३ हॉर्सपॉवरचा हिशोब माझ्यासाठी तरी निरर्थक आहे. मी ही घेतली इंजिनासाठी, कबूल. पण आज कोणी विकायला सांगितली तर मी नाही म्हणेन ते पुढच्या चाकासाठी.

हे जरा नीट सांगतो कारण माझ्या मते या गाडीची खरी गोष्ट हीच आहे. ही मुळात नेकेड, म्हणजे बाहेरचं आवरण नसलेली, म्हणून आखलेली गाडी नाहीच. २००२ मध्ये पहिली तुओनो आली तेव्हा त्यांनी आरएसव्ही मिले ही सुपरबाईक घेतली, फेअरिंग (वारा अडवणारं बाहेरचं आवरण) काढलं आणि सरळ हँडल लावलं. २०११ मध्ये तेच आरएसव्ही४ बरोबर केलं, ज्या गाडीवर रेसर मॅक्स बियाजीने २०१० आणि २०१२ ची वर्ल्ड सुपरबाईक स्पर्धा जिंकली. म्हणजे अॅल्युमिनियमची फ्रेम, भूमिती, वजनाची मांडणी हे सगळं रेसमध्ये घासून आलेलं आहे आणि आपण त्यावर जरा सरळ बसतो एवढाच फरक. (काही लोक म्हणतात की पुढे अर्धं फेअरिंग आहे म्हणून ही नेकेडच नाही. म्हणू दे. तासाला १०० च्या वर दोन तास चालवून बघा, त्या अर्ध्या फेअरिंगला हात जोडाल.)

तर वळणात काय होतं. ब्रेक धरूनच आत शिरायचं, दोन बोटं लिव्हरवर, आणि जसजशी गाडी झुकते तसतसा ब्रेक सोडत जायचा. माझ्या आधीच्या गाड्यांवर या क्षणी पोटात गोळा यायचा कारण पुढचं टायर काय करतंय ते कळायचंच नाही. हिच्यावर कळतं. डांबर गुळगुळीत आहे की खरबरीत, टायर गरम झालंय की अजून नाही, हे हँडलमधून तळहाताला येतं. एकदा पावसाळी घाटात एका उजव्या वळणावर बारीक माती वाहून आलेली होती, मला दिसली तोवर चाक त्यावर गेलेलं, आणि पुढचं चाक किंचित, अगदी बोटभर, बाहेर सरकलं आणि परत धरलं. मी काहीच केलं नव्हतं, करायला वेळच नव्हता. पण ते सरकणं मला इतकं स्पष्ट जाणवलं की घाबरायच्या आधी कळलं की धरलंय. हेल्मेटच्या आत मी मोठ्याने ओरडलो होतो एवढं आठवतं.

हे सगळं पहिल्या दिवसापासून नव्हतं बरं का. सुरुवातीला पुढचा भाग लाकडासारखा कडक लागायचा. मग फोर्क (पुढचं सस्पेन्शन) किती दबतो ते बघायला त्याच्या नळीला एक केबल टाय बांधला, अर्धा तास नेहमीच्या रस्त्याने चालवून आलो आणि बघितलं तर टाय अर्ध्याच्या जरासाच पुढे सरकलेला, म्हणजे एवढा महागडा फोर्क मी वापरतच नव्हतो. पूर्ण रायडिंग गिअर घालून बसून सॅग (माझ्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते) मोजला, प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) कमी करून ३५ मिमीच्या आसपास आणला, कॉम्प्रेशन (दबतानाचा अडथळा) दोन क्लिक मोकळं केलं. गाडी बदलली. ज्यांनी घेतलीय आणि कडक वाटतेय त्यांनी आधी हे करा, नंतर शिव्या द्या.

याच नादात एक चूकही सांगतो. एका सर्व्हिसनंतर मागची बाजू अचानक दणके द्यायला लागली, छोट्या खड्ड्यातही कंबरेत बसायचं. मी दोन आठवडे मागच्या शॉकचे स्क्रू फिरवत बसलो, रिबाउंड (परत उसळतानाचा अडथळा) असं, कॉम्प्रेशन तसं, काही फरक नाही. शेवटी स्टँडवर घेऊन पट्टी लावून चेन मोजली तर ढिलेपणा जवळजवळ नव्हताच, वर्कशॉपमध्ये ताठ करून दिलेली. मागचं चाक वर दबतं तेव्हा पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट आणि मागचा अॅक्सल एका रेषेत येतात आणि तिथे चेन सगळ्यात ताणलेली असते, त्यामुळे आधीच ताठ असेल तर चेनच सस्पेन्शनला धरून ठेवते. वर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर लोड येतो तो वेगळाच. तेव्हापासून सर्व्हिसहून आली की पहिलं काम चेन मोजणं.

इलेक्ट्रॉनिक्सवर जास्त लिहीत नाही. सहा मोड आहेत, तीन रस्त्याचे तीन ट्रॅकचे, मी सगळं यूझर मोडमध्ये माझ्या पद्धतीने ठेवलंय आणि पावसात टूर. ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा) डाव्या हाताच्या बटणाने चालता चालता कमीजास्त होतं आणि ते काम इतकं हळूवार करतं की लाइट लुकलुकली नाही तर कळणार पण नाही. क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलणारा) वरच्या आरपीएमला लोण्यासारखा, ३ हजारांच्या आसपास मात्र खटकन लागतो, तिथे मी क्लचच वापरतो.

आता ज्याचा त्रास होतो ते. गरम होते, भरपूर. मागचे दोन सिलिंडर बरोबर मांड्यांच्या मध्ये येतात, सिग्नलला तीन मिनिटं उभं राहिलं की फॅन चालू होतो आणि ती हवा थेट पायावर. जीन्स घालून चालवूच नका. दुसरं म्हणजे तहान. टाकी १७.९ लिटरची, मला १४ चं मायलेज पडतं, शांत चालवली तर १५-१६, त्यामुळे २०० च्या पुढे पंप शोधावाच लागतो. सीट उंच आहे, ८३७ मिमी, माझी उंची बेताची असल्यामुळे एकच पाय नीट टेकतो, गर्दीत २११ किलो सांभाळताना पहिले काही दिवस घाम फुटायचा, आता सवय झालीय. आणि मागे बसणाऱ्याला पाटीएवढी जागा, घरच्यांना एकदाच बसवलं, परत त्यांनी विषय काढला नाही.

मागचं टायर ६ हजारांत संपलं, मधोमध सपाट. पुढचं ९ हजारांपर्यंत गेलं. नवीन पुढचं टायर घातल्यावर पहिले दोनशे किलोमीटर गाडी मला ओळखीचीच वाटेना, वळणात एकदम पटकन झुकायची, मी चुकीचं प्रेशर भरलं की काय म्हणून दोनदा तपासलं. प्रेशर बरोबर होतं, जुन्या टायरच्या कडा झिजून चपट्या झालेल्या आणि मला त्याचीच सवय लागलेली. आता परत जमलंय, काल घाटातून येताना त्याच मातीच्या वळणावर ब्रेक सोडताना हात एकदम सैल होते.