एलिट डेंजरस : मायनर फॅक्शन वाढवायची की पॉवरप्लेत शिरायचं?

एलिट डेंजरस या अंतराळातल्या ऑनलाइन गेममध्ये नकाशावर आपला रंग पसरवायचा असेल तर रस्ते दोन, बीजीएस (बॅकग्राउंड सिम्युलेशन, म्हणजे खेळाडूंच्या कामांवर सिस्टममधली सत्ता हलवणारी यंत्रणा) खेळून एखादी मायनर फॅक्शन, म्हणजे छोटा स्थानिक गट, वाढवायची नाहीतर पॉवरप्लेत, म्हणजे बड्या नेत्यांच्या हद्दीच्या चढाओढीत, कुणा पॉवरला (अशा नेत्याला) प्लेज करायचं, त्याच्या बाजूने उतरायचं. दोन्ही करून झालंय. मिशन कशी घ्यायची वगैरे सांगत बसत नाही, ते माहीत असेलच.

बीजीएसमध्ये मजा आहे यात वाद नाही. स्क्वाड्रनमधली (खेळाडूंच्या गटातली) चार टाळकी रोज थोडं थोडं करत राहिली तरी शांत सिस्टममध्ये (ताऱ्याभोवतीच्या वस्तीत) इन्फ्लुएन्स, म्हणजे फॅक्शनचा टक्क्यांतला प्रभाव, हलताना दिसतो, आणि दोन फॅक्शनमध्ये वॉर लागलं की ग्रुपवर नुसता धुरळा. समोरचा सोलोमध्ये (इतर खेळाडूंना न दिसणाऱ्या मोडमध्ये) बसून आपलं केलेलं पाडतो आणि दिसतही नाही, पण ते पॉवरप्लेतही आहेच, म्हणून धरत नाही.

मला खटकलं ते एक्सपान्शन, म्हणजे फॅक्शनचं नव्या सिस्टममध्ये पसरणं. इन्फ्लुएन्स ७५ टक्क्यांवर न्यायचा, टिकवायचा, झाल्यावर मूळ सिस्टममधले साधारण १५ टक्के कापले जाणार, सगळं मान्य, पण जायचं कुठे ते गेम ठरवतो. सहसा २० लाइट इयरच्या टप्प्यात, जिथे सात फॅक्शन भरलेल्या नाहीत अशी जवळची सिस्टम. जुने खेळाडू मोजून अंदाज बांधतात, तो बऱ्यापैकी बरोबरही येतो, पण उपयोग काय, आमची फॅक्शन जिथे जाऊन पडली तिथे नुसतं आउटपोस्ट (छोटं स्टेशन), मोठ्या यानांसाठीचं लार्ज पॅडच नाही, म्हणजे माझं टाइप-९ हे मोठं मालवाहू यान बाहेरच घिरट्या घालणार. सिस्टम नकोय म्हणावं तर इन्फ्लुएन्स अडीच टक्क्यांखाली पाडून फॅक्शनला रिट्रीट करवायचं, तिथून माघारी काढायचं, म्हणजे परत राबायचं आणि तेही आपल्याच फॅक्शनविरुद्ध!

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या नव्या पॉवरप्लेत हे डोकं खाणं नाही. आपल्या पॉवरच्या फोर्टिफाइड किंवा स्ट्राँगहोल्ड (पक्की पकड असलेल्या) सिस्टमच्या टप्प्यात जी आवडेल ती धरा आणि कामाला लागा, मेरिट (कामाचे गुण) लगेच दिसतात, सिस्टम कुणाकडे गेली त्याचा हिशोब गुरुवारी. हां, हजारोंच्या गर्दीत आपलं काम कुठे गेलं ते कळत नाही, दुसऱ्या पॉवरच्या हद्दीत त्यांचे एजंट मागे लागतात, आणि फॅक्शनबद्दल वाटतो तसा जिव्हाळा पॉवरबद्दल वाटत नाही, निदान मला तरी.

रोज लॉगिन करणारे मित्र असतील तर बीजीएस जरूर बघा, मी नाही म्हणणार नाही. पण वीकेंडलाच वेळ मिळत असेल तर पॉवरप्ले बरा पडेल असं वाटतं. मी सध्या महोन या पॉवरकडे आहे, आणि गुन्हेगारांची यानं पाडून त्यांची बाउंटी (बक्षीस) आमच्या फॅक्शनच्या स्टेशनवर जमा करतो, म्हणजे मेरिटही मिळतात आणि इन्फ्लुएन्सही थोडा सरकतो.