साठेखत सहीआधी वकिलांकडून तपासून घेतलं, त्याचा अनुभव

जमिनीच्या साठेखताचा, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्री कराराचा, मसुदा विकणाऱ्यांच्या एजंटने आणून दिला, 'नेहमीचाच आहे' म्हणत. त्यात एक ओळ होती, 'व्यवहार कर्जमंजुरीच्या अधीन राहील.' ती वाचून मी निर्धास्त झाले होते. कर्ज झालं नाही तर विसार, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, परत मिळेल, आणखी काय हवं?

वकीलबाईंनी पहिलं बोट त्याच ओळीवर ठेवलं. कर्ज किती? कुणाकडून? कधीपर्यंत? मंजूर झालं नाही तर कळवायचं कुणी आणि कसं? यातलं काहीच मसुद्यात नव्हतं. अट अशी मोघम असली की वाद झाल्यावर जो तो आपल्या सोयीचा अर्थ काढतो, असं त्या म्हणाल्या. त्यांनी ती पुन्हा लिहिली: कर्जाची किमान रक्कम, बँकेचं नाव, 21 दिवसांची मुदत, मुदतीच्या आत लेखी नोटीस दिली तर करार रद्द आणि पूर्ण विसार परत. 'मंजुरी' म्हणजे अंतिम मंजुरीपत्र, तत्त्वतः मंजुरी नव्हे, हेही घातलं. आणि मला बजावलं, या अटीप्रमाणे कर्ज नाकारलं म्हणून करार आपोआप संपत नाही, नोटीस तुम्हालाच द्यायची आहे. मला हे अजिबात माहीत नव्हतं.

पुढे तेच झालं. बँकेच्या मूल्यांकनात जमिनीची किंमत ठरलेल्या भावापेक्षा कमी निघाली आणि कर्ज किमान रकमेच्या खाली आलं. अटीत आकडा नसता तर 'कर्ज मंजूर झालंच की' असं विकणाऱ्यांना म्हणता आलं असतं. तरीही ते म्हणालेच, की तुम्ही मनापासून प्रयत्न केला नाही, तुमचं मन बदललंय. हा आरोप मला फार लागला. पण अर्जाची पोच, दिलेल्या कागदांची यादी, बँकेचं पत्र, सगळं वकीलबाईंनी पहिल्या दिवसापासून फाइलला लावायला लावलं होतं. ते समोर ठेवल्यावर विसार पूर्ण परत आला.

वकीलबाईंबद्दल गंभीर तक्रार मात्र एक आहे. 21 दिवस 'सहीच्या तारखेपासून' असं त्यांनी लिहिलं. आम्ही सही केली सोमवारी, विकणाऱ्यांनी गुरुवारी. मग मुदत मोजायची कुठून? धोका नको म्हणून सोमवारपासून मोजून अठराव्या दिवशीच नोटीस दिली, पण त्या तीन दिवसांच्या फरकाने माझी झोप उडवली होती. तिथे सरळ शेवटची तारीख लिहायला हवी होती. शिवाय फोन उचलत नाहीत, निरोप ठेवून वाट पाहावी लागते.

फी मात्र आधी सांगितली तेवढीच घेतली, नोटिशीचे वेगळे पैसे लावले नाहीत. आता दुसरी एक जमीन बघितली आहे. तिचा मसुदाही त्यांच्याकडेच देणार आहे, मुदतीची तारीख घालूनच.