पॉइंट आहेत, पण मिळत नाहीत

लातूरच्या औसा रोडवरल्या एका सुपरमार्केटात दोन वर्षांपासून महिन्याचा किराणा भरते. माल चांगला, तूरडाळ तर निवडावीच लागत नाही. तक्रार आहे ती त्यांच्या पॉइंटांच्या कार्डाची. सामान मोजायच्या आधीच काउंटरवरचं पोरगं विचारतं, "काकू, मोबाइल नंबर?" आपण मोठ्यानं सांगायचा, रांगेतल्या सगळ्यांनी ऐकायचा. 100 रुपयांना एक पॉइंट, एका पॉइंटाचा एक रुपया. म्हणजे 4000 च्या किराण्यावर 40 रुपये, तेही मागितल्याशिवाय बिलातून वळते करत नाहीत. दिवाळीला म्हटलं, 312 पॉइंट वापरा. तर ओटीपी गेला ह्यांच्या मोबाइलवर, अन् हे शेतात, रेंज नाही! रांग खोळंबली, खजील मी झाले. संक्रांतीला गेले तर पॉइंटांची मुदतच संपलेली.

बिलासाठी नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं 2023 मध्येच दुकानदारांना कळवलंय. मी तसं बोलले, तर पोरानं निमूट एकच आकडा दहादा दाबला अन् बिल काढलं. गंजगोलाईतला आमचा जुना किराणावाला कार्डबिर्ड देत नाही, पण मूठभर शेंगदाणे वर टाकतो.

पाचपैकी तीन तारे, तेही डाळीसाठी.