बैठ्या खुर्च्या, सागवानी टेबल आणि जळगावचा उन्हाळा

दिवाळीच्या तोंडावर अहमदाबादच्या एका तरुण डिझायनर जोडप्याकडून आम्ही जेवणाचं टेबल आणि चार खुर्च्या करून घेतल्या. आता पोळा जवळ आलाय. थंडी, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा या सामानाने आमच्या घरात काढला. नव्याचे नऊ दिवस केव्हाच सरले, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. त्यांच्या स्टुडिओचं नाव टाकत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

आधी खुर्च्यांबद्दल, कारण खरे पैसे आम्ही त्यांच्यासाठीच मोजले. बाजारातल्या जेवणाच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटरवर असते. ह्यांची ३८ वर आहे. रुंदी मात्र ६४, आणि हात नाहीत. टेबलही नेहमीच्या ७५ ऐवजी ६५ सेंटिमीटर उंच, आणि फळीखालची चौकट बरीच आत घेतलेली. हे सगळं कशासाठी, तर माणसाला खुर्चीवर मांडी घालून जेवता यावं आणि गुडघा टेबलाला लागू नये.

आमच्या आबांना, म्हणजे सासऱ्यांना, जमिनीवर बसलं की उठवत नाही, आणि पाय लोंबकळत ठेवून जेवल्यावर जेवल्यासारखं वाटत नाही. जुन्या डायनिंग टेबलावर ते वर्षानुवर्षं अंग चोरून बसायचे. भरिताच्या दिवसांत ह्या खुर्चीवर एक पाय मुडपून, दुसरा गुडघा उभा करून त्यांनी कळण्याची भाकरी कुस्करली, तेव्हाच माझ्या लेखी निम्मे पैसे वसूल झाले. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारला जो अहवाल दिला त्यात आपल्या तांब्याचं, लोट्याचं, तोंड भरून कौतुक होतं. त्याच अहवालातून पुढे १९६१ ला अहमदाबादेत एनआयडी ही डिझाइन शिकवणारी संस्था उभी राहिली. तांब्याचे गोडवे तेव्हापासून सगळेच गातात. आपण बसतो कसे हे बघून खुर्ची करणारे मात्र मला आत्ता भेटले.

एक अडचण आहे, ती पाहुणे आले की कळते. जास्तीची माणसं झाली की आपण प्लास्टिकच्या खुर्च्या ओढतो. त्या उंच, टेबल बुटकं. मग त्यांच्यावर बसलेला माणूस ताटावर ओणवा होतो. लग्नसराईत आमच्याकडे हे रोजचंच झालं होतं. शेवटी मुलांना बैठ्या खुर्च्यांवर दोन-दोन करून बसवलं. रुंदीमुळे ते जमतंही.

आता टेबल. अस्सल सागवान, जोडलेल्या फळ्या, आणि दोन्ही टोकांना फळ्यांना काटकोनात बसवलेली एकेक आडवी पट्टी. लाकूड उन्हाळ्यात आकसतं आणि पावसाळ्यात फुगतं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण ते रुंदीत हलतं, लांबीत जवळजवळ नाही, हे मला ह्या टेबलाने शिकवलं. दिवाळीत पट्टीचं टोक आणि फळीची कड एका रेषेत होती, बोट फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर गेला, हवेत ओल म्हणून उरली नाही, आणि पट्टीची टोकं दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर बाहेर डोकवायला लागली. पट्टी होती तेवढीच होती, फळ्या आत गेल्या होत्या. मी घाबरून फोटो पाठवला. उत्तर आलं, असंच व्हायला हवं. फळी खालच्या चौकटीला घट्ट आवळलेली नाही, स्क्रूची भोकं लांबट ठेवली आहेत, म्हणजे लाकडाला सरकायला जागा राहते. आणि खरंच, जुलैची झड लागल्यावर टोकं परत आत गेली. आत्ता तर फळीच केसभर पुढे आहे.

पण एका फळीला वीतभर चीर पडली आहे, आणि त्याची वेगळी गोष्ट. थंडीत टेबल जरा डुगडुगत होतं, म्हणून इथल्या एका मिस्त्रीला बोलावलं. त्याने खाली वाकून पाहिलं, ती लांबट भोकं बघून हसला. "ताई, सागवानाला असं मोकळं सोडतं का कोणी?" म्हणाला, आणि कोपऱ्यात स्वतःचे दोन स्क्रू सरळ फळीत आवळून गेला. डुगडुग आमच्या फरशीच्या चढउताराची होती, टेबलाची नव्हतीच. एप्रिलअखेर बरोबर त्या स्क्रूपासून चीर निघाली. असलं सामान घेणार असाल तर टेबलाच्या पोटाला कोणाला हात लावू देऊ नका. आणि विकणाऱ्यांनीही हे चार ओळींत मराठी-हिंदीत लिहून फळीखाली चिकटवायला काय हरकत आहे? सोबत आलेला कागद इंग्रजीत होता आणि त्यात निम्म्याहून जास्त मजकूर त्यांच्या प्रेरणेबद्दल होता.

पॉलिश तेलाचं आहे, चकचकीत पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर, नाही. शेवभाजीची तर्री सांडली की लगेच पुसावी लागते. हळदीचा डाग राहतोच, पण खिडकीतलं ऊन थेट पडलं की आठवडाभरात फिका होतो. उन्हाचा तेवढा उपयोग!

खरी तक्रार वेताची. बैठकीला आणि पाठीला वेताची जाळी आहे. हल्ली सागवान आणि वेत दिसलं की समजावं, चंदीगडच्या खुर्चीचं वारं लागलंय. पियेर जानेरे या स्विस वास्तुविशारदाने १९५० च्या दशकात चंदीगडच्या कचेऱ्यांसाठी केलेल्या त्या खुर्च्या आपल्याकडे भंगारात गेल्या आणि परदेशातल्या लिलावात लाखांना विकल्या गेल्या, तेव्हापासून जो तो त्याच वाटेने जातो. पण तिथे वेत चौकटीच्या भोकांतून हाताने विणलेला होता. आमच्या खुर्च्यांना तयार विणलेला तागा खाचेत दाबून वरून पट्टी ठोकली आहे. असा वेत तुटला की एक काडी बदलता येत नाही, पूर्ण जाळी उचकटावी लागते.

आणि तो तुटला. कूलरच्या वाऱ्यात असलेल्या तीन खुर्च्या टिकल्या, खिडकीपाशी उन्हात असलेलीची बैठक मे महिन्यात कडेने कडकडत गेली. वेताला थोडी ओल लागते. वेत विणणारे महिन्या-पंधरा दिवसांनी खालून ओलं फडकं फिरवायला सांगतात. कागदात मात्र "पाण्यापासून दूर ठेवा" एवढंच होतं. फोन केला तर उत्तर आलं, खुर्ची अहमदाबादला पाठवा, येण्याजाण्याचं भाडं तुमचं. एका खुर्चीचे १८,५०० मोजल्यावर हे ऐकून डोकं फिरलं. शाळा-बँकांच्या जुन्या खुर्च्या विणणारे एक काका शोधून काढले, तर ते म्हणाले, "हिला भोकंच नाहीत, विणू कुठून?"

आबांचं मात्र गावाकडच्या बाजेचंच पालुपद. "बाजेची दोरी ढिली झाली की पायथ्याकडून ओढून घेतो. हिचं काय ओढणार?" त्यांच्याच सांगण्यावरून काकांनी वेत काढून चौकटीभोवती सुती नवार विणली, पांढरी, साधी, उभी-आडवी. तीनशे रुपयांत काम झालं. फोटोत ती खुर्ची आता बाकीच्या तिघींची वाटत नाही. बसायला मात्र चौघींत तीच बरी, घामाने चिकटत नाही, आणि धुळीसाठी ओल्या कपड्याने पुसली तरी चालते.

अजून दोन खुर्च्या हव्या आहेत, त्याच मापाच्या, कारण हे माप इथे दुसरं कोणी करून देत नाही. वेत नको, नवार द्या, असं कळवलं. त्या डिझायनर जोडप्यातली मुलगी फोनवर आधी गप्प झाली, मग तिने आमच्या खुर्चीच्या खालच्या बाजूचे फोटो मागवले. काल उत्तर आलं: करून देतो, वेतापेक्षा दोन हजाराने स्वस्त पडेल, नवार तेवढी जळगावातून तुम्हीच पाठवा.