सुटे अंक घ्यावेत की संग्रहासाठी थांबावं?

कॉमिक्सची नवी मालिका सुरू होते, पहिल्या अंकाचं कौतुक कानावर येतं आणि तोच जुना प्रश्न पुढ्यात उभा राहतो. आत्तापासून दर महिन्याला अंक घ्यायचा, की पाच-सहा अंक होऊन त्यांचा ट्रेड, म्हणजे एकत्र बांधलेलं पुस्तक, निघेपर्यंत कळ काढायची? मी दोन्ही करून पाहिलंय. सुरुवातीला सुटे अंक, मग मधली सहा-सात वर्षं फक्त संग्रह आणि आता पुन्हा सुटे अंक. खाली आहे तो माझा अनुभव. तुमचा वेगळा असू शकतो.

संग्रहाची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. मालिका केव्हाच पूर्ण झाली असेल, तर वाद घालण्यात अर्थच नाही. 'सँडमन'चे 75 अंक 1989 ते 1996 या काळात आले. आज कुणाला ती पहिल्यांदा वाचायची असेल, तर त्याने सरळ दहा खंड घ्यावेत आणि निवांत वाचावेत. सुटे 75 अंक जमवणं हा वेगळाच छंद आहे, त्यात वाचायला वेळ कमी मिळतो. शिवाय हल्ली बरेच लेखक संग्रह डोळ्यांसमोर ठेवूनच गोष्ट रचतात. अंकात जेमतेम वीस-बावीस पानं, त्यातली चार पानं एक माणूस जिना चढून वर येण्यात जातात. महिनाभर थांबून हे हातात पडलं की चिडचिड होते. संग्रहात तीच चार पानं छान वाटतात, गोष्ट श्वास घेतेय असं वाटतं. मध्ये जाहिराती नाहीत, पुस्तक कपाटात उभं राहतं, मित्राला वाचायला देता येतं. सुट्या अंकांना पिशवी लागते, पाठीला पुठ्ठा लागतो, खोका लागतो, आणि नेमका हवा तो अंक नेहमी खोक्याच्या तळाशी असतो.

बरेच अंक एकाच जाडजूड पुस्तकात बांधतात त्या ऑम्निबसबद्दल मात्र एक सावधगिरी. दोन पानांवर पसरलेलं चित्र असेल, तर त्याचा मधला भाग शिवणीत गडप होतो. समोरासमोर उभ्या दोन पात्रांच्या नजरा जिथे भिडतात, नेमकी तीच जागा दिसत नाही. पुस्तक दाबून उघडावं तर कणा मोडायची भीती. पिना मारलेला अंक टेबलावर सपाट पडतो. रंगांचंही तसंच. 'द किलिंग जोक' हे बॅटमॅनचं कॉमिक 1988 मध्ये आलं तेव्हा त्याला जॉन हिगिन्स यांचे रंग होते. 2008 च्या आवृत्तीत त्याचे चित्रकार ब्रायन बोलँड यांनी ते स्वतः नव्याने केले. कुणाचे रंग चांगले यावर मतं असू शकतात, पण दोन्ही हातांत घेऊन पाहिली की गोष्टीतल्या रात्रीचा सगळा नूरच बदललेला दिसतो. ज्याने फक्त नवी आवृत्ती पाहिली, त्याला मूळ वाचकांनी काय पाहिलं होतं याची कल्पना यायची नाही.

पण या दोन्ही गोष्टी मी चालवून घेतल्या असत्या, बरीच वर्षं घेतल्याही. माझं पारडं फिरलं ते पत्रांच्या पानामुळे.

संग्रहात पत्रं नसतात. अपवाद असतील, पण माझ्या कपाटातल्या संग्रहांपैकी जवळजवळ कशातच नाहीत. मुखपृष्ठं मागे एकत्र छापतात, कच्ची रेखाटनं देतात, पटकथेची चार पानं देतात, पण वाचकांची पत्रं आणि त्यांना मिळालेली उत्तरं गाळतात. आणि कॉमिक्सच्या चाहत्यांचं जग तर त्या पानावरच उभं राहिलंय. अमेरिकेत मासिकांना टपालाचा सवलतीचा दर मिळायला अंकात थोडा तरी नुसता मजकूर असावा लागे. आधी त्या जागी छोट्या गोष्टी छापत, पुढे तिथे वाचकांची पत्रं आली. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला डीसी कॉमिक्सचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी पत्रांखाली वाचकांचे पूर्ण पत्ते छापायला सुरुवात केली आणि वाचक एकमेकांना थेट लिहू लागले. 1961 मध्ये जेरी बेल्स यांनी रॉय थॉमस यांना सोबत घेऊन 'ऑल्टर इगो' हे चाहत्यांचं नियतकालिक काढलं. हेच थॉमस पुढे मार्व्हल या कॉमिक्स प्रकाशनाचे मुख्य संपादक झाले. मार्व्हलच्याच 'फँटास्टिक फोर'च्या 1963 मधल्या विसाव्या अंकात एका शाळकरी मुलाचं भरभरून कौतुक करणारं पत्र आहे. तो मुलगा म्हणजे पुढे 'गेम ऑफ थ्रोन्स' लिहिणारे जॉर्ज आर. आर. मार्टिन. मार्व्हलमध्ये तर चूक शोधून ती चूक कशी नाही हे पटवून देणाऱ्याला 'नो-प्राइझ' मिळायचं. टपालाने पाकीट यायचं, वर अभिनंदन छापलेलं आणि आत काही नाही. त्या रिकाम्या पाकिटासाठी मुलं एकेक पॅनल, म्हणजे चित्राची एकेक चौकट, भिंगाखाली घालत.

आता माझी गोष्ट. मालिकेचं नाव सांगत नाही, प्रकाशकाचंही नको. नवव्या अंकात पावसातला एक प्रसंग होता. धाकट्या बहिणीच्या गळ्यात हिरवा मफलर, पान उलटलं की तोच मफलर विटकरी. विटकरी मफलर खरं तर थोरलीचा. मी तेव्हाच थबकलो होतो, दोनदा मागे जाऊन पाहिलं होतं. अकराव्या अंकात पत्रांच्या पानावर एका वाचकाने नेमकं तेच विचारलं: या दोघींनी मफलर बदललेत का, की यात पुढचं काही सूचित आहे? उत्तर खुद्द कलरिस्टने, म्हणजे रंग भरणाऱ्या कलाकाराने, दिलं होतं, चारच ओळींत. सूचित वगैरे काही नाही, पानं द्यायची शेवटची रात्र होती, माझ्या हातून चुकीचा रंग भरला गेला. पण लेखकाला तुमचा प्रश्न फार आवडलाय. आणि चौदाव्या अंकात स्टेशनवरच्या निरोपात एक छोटंसं पॅनल आलं. संवाद नाही, फक्त दोन हात आणि एकमेकींच्या गळ्यातून काढलेले दोन मफलर. ते पाहून मला किती आनंद झाला होता, ते आजही आठवतं. एका वाचकाचं पत्र गोष्टीत जाऊन बसलं होतं.

पुढे त्या मालिकेचा हार्डकव्हर संग्रह आला. कागद सुंदर, आकार मोठा. जागा होत नव्हती म्हणून मी सुटे अंक देऊन टाकले. दोनेक वर्षांनी एका मित्राला हा किस्सा सांगताना दाखवावं म्हणून संग्रह काढला. पावसाचा प्रसंग उघडला तर दोन्ही पानांवर मफलर हिरवा. चूक दुरुस्त केलेली. पत्रांचं पान नव्हतंच, म्हणजे प्रश्नही नाही आणि उत्तरही नाही. स्टेशनवरचं पॅनल जागच्या जागी होतं, पण ते कुठून आलं याचा पुस्तकात मागमूस नाही. मित्र म्हणाला, छान आहे, आणि पुढचं पान उलटलं. प्रकाशकाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, चूक सुधारणं हे त्यांचं कामच. पण माझ्याकडची ती मालिका अर्धी झाली होती. नववा, अकरावा आणि चौदावा अंक पुन्हा मिळवायला मला दीड वर्ष लागलं.

तेव्हापासून मी अंकाच्या मागच्या पानांकडे नीट पाहायला लागलो. 'सागा' 2012 मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिचे लेखक ब्रायन के. व्हॉन पत्रं टपालानेच मागवतात आणि त्यांना मनापासून उत्तरं देतात. 2018 मध्ये 54व्या अंकानंतर ती मालिका थांबली, ती थेट जानेवारी 2022 मध्ये परतली. ती साडेतीन वर्षं अंकवाल्यांनीही काढली आणि संग्रहवाल्यांनीही, पण कुणीतरी आपल्यासारखंच थांबलंय हे पत्रांच्या पानावरून कळतं. लेखक एड ब्रुबेकर आणि चित्रकार शॉन फिलिप्स यांच्या 'क्रिमिनल'च्या अंकांत मागे जुन्या गुन्हेपटांवर सुरेख लेख असायचे. संग्रहांत ते घेतलेले नाहीत. त्याच जोडीने 2020 नंतर बरंचसं काम थेट पुस्तकरूपात आणलं, हेही सांगायला हवं. तिथे अंक की संग्रह हा प्रश्नच उरत नाही, आणि ती पुस्तकं मी आवडीने घेतो.

अजून एक, 'द वॉकिंग डेड'चं. जुलै 2019 मध्ये 193व्या अंकात लेखक रॉबर्ट कर्कमन यांनी मालिका अचानक संपवली. पुढच्या अंकांच्या जाहिरातीसुद्धा आधी देऊन ठेवल्या होत्या, म्हणजे कुणाला सुगावा लागू नये. ज्याच्या हातात तो अंक पडला, त्याला शेवट खरोखर अनपेक्षित होता. संग्रहात शेवट जवळ आलाय हे उजव्या हाताखालच्या पानांची जाडीच सांगते.

एक व्यवहाराची बाब आहे, ती फार ताणत नाही. अमेरिकन कॉमिक्सच्या दुकानांना अंकांची मागणी आधीच नोंदवावी लागते आणि न खपलेला माल सहसा परत जात नाही. नव्या, फारसं नाव नसलेल्या लेखक-चित्रकारांची मालिका या आगाऊ मागणीवर जगते. सगळेच संग्रहासाठी थांबले, तर कधी कधी संग्रह निघण्याआधीच मालिका बंद पडते. माझ्या आवडीच्या दोन मालिका अशा गेल्या. त्या काळात मीही थांबलेल्यांतच होतो, हे मला अजून टोचतं.

डिजिटलबद्दल थोडक्यात: प्रवासात उत्तम, जागेचा प्रश्न सोडवतं. पण पॅनलमागून पॅनल सरकवत वाचलं की पानाची मांडणी हरवते, आणि चित्रकाराने डोकं लावलेलं असतं ते पानावर.

तेव्हा मालिका संपलेली असेल, घरात जागा कमी असेल किंवा महिनाभर थांबणं जमत नसेल, तर संग्रह घ्या. त्यात काही कमीपणा नाही. चालू मालिका असेल तर मात्र पहिला अंक हातात घेऊन मागून उघडा. शेवटच्या दोन-तीन पानांवर नुसत्या जाहिराती असतील, तर खुशाल ट्रेडची वाट पाहा. तिथे पत्रांसाठी पत्ता दिलेला असेल आणि लेखकाने दोन ओळी लिहिलेल्या असतील, तर मी तरी दुसऱ्या अंकाची मागणी त्याच दिवशी नोंदवतो.